राखेचं पाणी

अच्युतरावांची नोकरी रस्त्यानं खाल्ली. रायपूर राजधानी झालं, मंत्र्यांच्या गाड्या आल्या आणि गोल बाज़ाराकडचा रस्ता त्या गाड्यांना अरुंद पडू लागला. ज्या जडीबुटीच्या दुकानात तराजू धरून अच्युतरावांनी केस पांढरे केले, त्याचं निम्मं अंग रस्त्यात गेलं. उरलेल्या निम्म्यात मालकाच्या पोरांनी मोबाइलचं दुकान थाटलं. म्हातारा मालक मनानं भला होता. त्यानं निरोपादाखल शाल दिली, नारळ दिला आणि गोदामात पडून असलेली रिठ्याची पोती हातगाडीवर घालून घरी पाठवली. शाल कपाटात गेली, नारळ चटणीत गेला. पोती मात्र ओसरीत ठाण मांडून बसली, आणि अच्युतराव त्यांच्या शेजारी.

"आता याचं काय करू? माळ करून गळ्यात घालू?" इंदूनं विचारलं.

"राहू दे. रिठा सडत नाही लवकर," अच्युतराव म्हणाले आणि पुन्हा घरासमोरच्या तळ्याकडे बघत बसले.

इंदूला बसून राहिलेला माणूस बघवत नसे. तिनं एक दिवस त्यांच्या पुढ्यात पाटा ठेवला, वरवंटा ठेवला आणि रिठे फोडायला लावले. बिया काढायच्या, सालं पाण्यात टाकायची, दुसऱ्या दिवशी पितळी गंजात उकळायची, मग हातानं कुस्करून जुन्या धोतरातून गाळायची. फेस नाकात जाई आणि दोघं शिंकून शिंकून बेजार होत. गाळून उरे तो काढा. गर्द तांबूस, कडू वासाचा. रेशमाला, लोकरीला तो चाले. सुती कपड्यांसाठी तिनं दुसरा प्रकार मांडला. बुडाला भोक पाडलेला माठ, तळाशी पैरा, म्हणजे इकडचा भाताचा पेंढा, आणि वर ठासून भरलेली बाभळीची राख. वरून पाणी ओतलं की खालच्या टोपल्यात थेंब थेंब खारं पाणी उतरे. चादरी, धोतरं, पोराबाळांची दुपटी त्यात भिजवली की मळ पळून जाई. बोटांची सालंही जात, पण ती तिची स्वतःची होती. त्याची तक्रार कोणाकडे करणार?

राख आणून देई मीरा. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्या मराठी घरांचे कपडे मीराच धूत असे. तिच्या सासूनंही तेच केलं होतं. तळ्याच्या पलीकडे मुर्रे, म्हणजे चुरमुरे, फोडणाऱ्याची भट्टी होती. येताना तिथली राख टोपलीत भरून ती डोक्यावर घेऊन येई आणि परसात ओतून म्हणे, "ले दीदी, तोर सोना." दोघी हसत. मीरा पाणी पिई आणि पुढच्या घरी जाई.

पुरानी बस्तीजवळच्या त्या पाऱ्यात मराठी घरं भोसल्यांच्या काळापासूनची. कोणी वकील, कोणी मास्तर, कोणी रेल्वेत. तिथं इंदूनं काढा विकायला काढला असं कोणी म्हणत नसे. इंदू काढा 'देते' असं म्हणत. बाया मागच्या दारानं येत, भरलेली बाटली उचलत आणि रिकामी ठेवताना तिच्या बुडाखाली नोट ठेवत. ती नोट इंदू त्यांची पाठ फिरल्यावर उचले. समोर उचलायची तिला कधी हिंमत झाली नाही. आणि समोर हातात द्यावी असं त्या बायांनाही कधी वाटलं नाही.

एवढ्या आडपडद्यानं अब्रू राहते असं इंदूला वाटे. पण हळदीकुंकवाची बोलावणी कमी झाली होती ती झालीच होती. पूर्वी आधी निरोप येई. आता कोणी वाटेत भेटलं तर "ये न गं संध्याकाळी" एवढं म्हणून मोकळं होई. तरी बोलावलं तर इंदू जाई. धुतलेलं, खळ घातलेलं पातळ नेसून जाई आणि कोपऱ्यात बसे.

म्हणून भाद्रपदाच्या तोंडावर गोदावरीकाकू स्वतः चालत घरी आल्या तेव्हा इंदूच्या छातीत धस्स झालं आणि मग आनंद झाला. गोदावरीकाकू म्हणजे पाऱ्याचा शब्द. दत्तोपंत वकिलांच्या पत्नी. त्यांच्याकडच्या महालक्ष्म्या नागपुराहून आलेल्या, दोन्ही मुखवटे पितळी, आणि त्यांना नेसवायची दोन रेशमी लुगडी त्यांच्या सासूच्या सासूची, एक हिरवं, एक डाळिंबी. लुगडी वर्षातून एकदाच धूत, रिठ्याच्या पाण्यात, सोवळ्यात, आणि तेही आपल्यातल्याच सवाष्णीनं.

"माझे गुडघे गेले, इंदू," काकू म्हणाल्या. "अन् सुनेले नोकरी. ड्रायक्लीनले दे म्हणते ती! महालक्ष्म्यांची लुगडी ड्रायक्लीनले! तू धुशील?"

"काहून नाही धुणार, काकू? माझं भाग्य."

"सोवळ्यात हं. दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नको." काकूंनी गाठोडं खाली ठेवलं नाही, इंदूच्या हातात दिलं. "अन् जेवणाले सवाष्ण म्हणून तूच ये. गंधालीले आण. कुमारिका होईल."

काकू गेल्यावर इंदू गाठोडं उराशी धरून बराच वेळ देवघरात उभी राहिली. पहिल्या ओळीत पाट मिळणार होता. नवऱ्याची नोकरी गेल्यावर पहिल्यांदा तिला कोणीतरी पाटावर बसवणार होतं.

पाऊस मात्र हटायला तयार नव्हता. छपराच्या कवेलूंतून ठिबकलेल्या पाण्यानं ओसरीतली पोती तळाकडून ओली झाली. रिठा सडत नाही म्हणणाऱ्या अच्युतरावांच्या देखत त्यावर पांढरी बुरशी धरली. निवडून निवडून जेवढा हाती लागला तेवढ्याचा काढा इंदूनं केला, पण तो पचपचीत झाला. फेसच धरेना. गोल बाज़ारातून नवा रिठा आणता आला असता. पण त्याचा काढा व्हायला दोन दिवस लागले असते, काकूंना लुगडी दुसऱ्या दिवशी हवी होती, आणि काढा संपला असं सांगायला इंदूची जीभ रेटेना. तेवढ्यासाठी काकूंनी दुसरी सवाष्ण शोधली असती तर?

सकाळी ऊन पडल्याबरोबर तिनं न्हाऊन ओलेत्यानं धाबळी नेसली आणि परसात गंज मांडला. लुगडी काढ्यात बुडवली. वर्षानुवर्षांचं समईचं तेल, नैवेद्याचं तूप, पदरावर पडलेली हळद. ती हलक्या हातानं दाबत राहिली, हलवत राहिली. पाणी होतं तसंच. तेलाचे डाग जागचे हलेनात. ऊन वर येऊ लागलं, मान भरून आली. शेजारी माठाखालचं टोपलं राखेच्या पाण्यानं भरलेलं होतं.

तिनं आधी एक पळी घातली. फेस जरा उठला. मग आणखी घातली. मग टोपलंच तिरकं केलं.

"आई, ये तो चादर वाला पानी है ना?" गंधाली मोरीच्या दारात वेणी घालत उभी होती. कॉलेजात जाणारी पोट्टी, मराठी सगळं समजे, उत्तर हिंदीत देई.

"थोडंसं टाकलं. तू शिकवू नको मले."

"सिल्क में डालते हैं क्या?"

"जा तू. उशीर होऊन राहिला तुले."

तेल निघालं. पाणी काळं झालं तसं इंदूला बरं वाटलं. चार दाबांत मळ सुटला होता. मग तिनं हिरव्या लुगड्याचा पदर उघडला. पदरावर जिथं हळद होती तिथं लाल झालं होतं, कुंकू सांडल्यासारखं. तिनं ते चोळलं, पाण्यात खळबळलं, पुन्हा चोळलं. लाल जरा विटकरी झालं, पण गेलं नाही. आणि लुगडं पिळताना तिच्या लक्षात आलं की रेशीम गप्प झालंय. रेशीम चिमटीत धरलं की किर्र वाजतं, लहानपणापासून तिला तो आवाज ठाऊक होता. आता हातात नुसतं ओलं, मऊ, बुळबुळीत काहीतरी होतं.

वाळलं की येईल पूर्ववत, असं तिनं स्वतःला सांगितलं. स्वतःला खोटं सांगायला सोवळं आड येत नाही. आंब्याखालच्या दोरीवर तिनं दोन्ही लुगडी सावलीत घातली आणि आत चुलीकडे गेली.

आंब्यावर सर वाजली तेव्हा तिचे हात कणकेत होते. ती उठेपर्यंत परसातून आवाज आला, "पानी आवत हे दीदी! लुगरा भीग जाही!" मीरा राख घेऊन आली होती. तिनं टोपली फेकली, धावत दोरीपाशी गेली आणि हिरवं लुगडं खेचलं. टोक दोरीच्या गाठीत अडकलं होतं. इंदू दारात आली आणि तिनं ते फाटताना ऐकलं. रेशीम असं आवाज न करता फाटत नाही. हे मुकाट फाटलं.

मीरा हातातल्या चिंधीकडे बघत राहिली. "दाई ओ," ती म्हणाली, "फाट गे. देवी के लुगरा फाट गे दीदी!" तिचे ओठ पांढरे पडले.

इंदूनं लुगडं हातात घेतलं. फाटल्या कडेला दोरे नव्हते, भिजल्या कागदासारखा लगदा होता. तिनं दुसरीकडे जरा ताण दिला, तिथंही बोट आरपार गेलं. तिला सगळं समजलं. सांगायला तोंड उघडलं तेव्हा तोंडातून निघालं ते असं:

"तू हात काहून लावला?"

त्या चार शब्दांनी काय केलं ते इंदूला त्याच क्षणी कळलं होतं. कळत असूनही तिनं ते परत घेतले नाहीत. मीरा पावसात उभी राहून रडू लागली, आणि इंदू तिच्याकडे बघून गप्प राहिली.

गोदावरीकाकूंकडे दोघी गेल्या. इंदू आत, ओसरीवर. मीरा पायरीखाली, चिखलात. काकूंनी लुगडं मांडीवर पसरलं. भोकं बघितली. मग पदर घेतला, त्यावरचा विटकरी डाग नखानं खरवडला, उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

"कशानं धुतलं?"

"काढ्यानं," इंदू म्हणाली.

"नुसत्या काढ्यानं?"

"हव."

काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. इंदूनं मान खाली घातली. तळहातांना राखेच्या पाण्यानं पडलेल्या भेगा चुरचुरत होत्या. त्या दिसू नयेत म्हणून तिनं हात पदराखाली घेतले.

"मोर हाथ ले फाटिस मालकिन," पायरीखालून मीरा म्हणाली. "जानके नइ करे हौं. पानी आवत रिहिस."

"सोवळ्याच्या लुगड्याले हात लावायची तुले गरजच काय होती?" काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवण्याची त्यांना कधी गरज पडली नव्हती. "उद्यापासून येऊ नको."

एवढंच. संध्याकाळपर्यंत पाऱ्यात सगळीकडे कळलं. दोन दिवसांत मराठी घरांनी मीराला एकामागून एक नाही सांगितलं. कोणी देवीच्या भीतीनं, कोणी काकूंच्या. आता कपडे घरीच धुवावे लागणार म्हणून त्याच बाया बाटल्या घेऊन इंदूच्या मागच्या दाराशी आल्या. नव्या रिठ्याचं पोतं आलं. गंज रोज चढू लागला. एवढा काढा इंदूनं कधी केला नव्हता. चार पैसे बरे सुटू लागले आणि घरातलं प्रत्येक सुख तिला टोचू लागलं. गंधालीच्या डब्यात पनीर गेलं त्या दिवशी तिला स्वतःला घास गिळता आला नाही.

अच्युतरावांना तिनं त्याच दिवशी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वरवंटा हातात घेतला नाही. पाटा पुढ्यात ठेवला तरी नुसते बसून राहिले.

"तुम्ही पण?" इंदू चिडून म्हणाली.

"मले नाही फोडवत," ते म्हणाले.

मग ती स्वतःच फोडत बसली. गंधाली जवळ येऊन बसली, बिया वेचू लागली आणि खाली बघतच म्हणाली, "आई, तुमने बोला क्यों नहीं?"

"काय बोलू? पाटावर बसवणार आहेत मले. तुले पण. बाबा घरी बसल्यापासून कोणी बोलावलं आपल्याले असं? एका लुगड्यापायी सगळं घालवू?"

"और मीरा दीदी?"

इंदूनं पुढचा रिठा पाट्यावर ठेवला. पोरीनं पुन्हा विचारलं नाही, हे जास्त लागलं.

मीरा भेटली ती तळ्याच्या पाळीवर. हातात नारळाची शेंडी, कपाळाला गुलाल. राख आणणं तिनं बंद केलं नव्हतं, फक्त आता ती परसाच्या कुंपणाबाहेरच ओतून जाई, आत येत नसे. "महामाया म नरियर चढ़ाए हौं दीदी," ती म्हणाली. "देवी माफी देही का? तैं तो बाम्हन हस, तहीं बता." तेलीबांध्याला नव्या इमारतींत तिला लादी पुसायचं काम मिळालं होतं. तिथं कपडे मशीन धूत असे. मीरा इतक्या लांब चालत जाई, चालत येई.

"देईल," इंदू म्हणाली. "देवी माफ करते." आणि घाईनं घराकडे वळली. अंगावर कोणी शेण फेकलं असतं तर ते धुता आलं असतं, असं तिला चालता चालता वाटलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी ती सकाळीच काकूंकडे गेली, पुरण वाटायला. मनाशी ठरवून गेली होती. सोळा भाज्या चिरून पडल्या होत्या, आंबील रटरटत होती, माजघरात मखरात दोन्ही मुखवटे उभे होते. डाळिंबी लुगडं जेमतेम टाचून नेसवलं होतं. हिरव्याच्या जागी पंडरीच्या कापडबाजारातून आणलेलं नवं होतं, कडक घडीचं, देवीच्या अंगावर परक्यासारखं. काकू मागच्या पडवीत पुरणाच्या पोळ्यांना कणीक मळत होत्या. दुसरं कोणी नव्हतं.

"काकू," इंदू म्हणाली, "लुगडं मीरानं नाही फाडलं. मी राखेचं पाणी टाकलं होतं. काढा पातळ झाला होता. रेशीम त्यानं मेलं. मीरानं फक्त ओढलं."

काकू कणीक मळतच राहिल्या. "मले ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

इंदूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"पदरावरची हळद लाल झाली होती. हळद खाराशिवाय लाल होत नाही, इंदू. घरी कुंकू करायचो आम्ही, हळदीले खार लावूनच करायचो. मीराच्या हातानं हळद लाल होते का?"

"मग... मग तुम्ही तिले काहून काढलं?"

काकूंनी पहिल्यांदा हात थांबवले. "मग कोणाचं नाव घेऊ? तुझं? आपल्यातली सवाष्ण, सोवळ्यात खोटं बोलली असं सांगू पाऱ्यात? अन् पाटावर कोणाले बसवू?" मग जरा मवाळ होऊन म्हणाल्या, "तुझे दिवस वाईट आहेत, मले दिसते. म्हणून सांभाळून घेतलं तुले. मीराचं काय, त्या बायकांले दुसरी घरं भेटतात. जा, तोंड धू. सवाष्णी येऊन राहिल्या."

सांभाळून घेतलं. इंदूनं आयुष्यात कधी इतकी लाज अनुभवली नव्हती. खोटं बोलले, कोणाला कळलं नाही, ही तिची लाज होती तोवर ती तिच्या एकटीची होती. आता कळलं की ती दोघींची होती, आणि काकूंना तिचं काहीच वाटत नव्हतं.

तिला माजघरात नेऊन पाटावर बसवलं. शेजारी गंधाली, नवीन परकर-पोलक्यात, मान खाली घालून. पलीकडे ओळीनं पाऱ्यातल्या बाया, रेशमातल्या, फुलं माळलेल्या. काकू दुखऱ्या गुडघ्यांवर कण्हत इंदूपुढं बसल्या. परात सरकवली. कोमट पाणी तिच्या पावलांवर ओतलं, आपल्या हातानं पावलं चोळली, कोरड्या पंच्यानं पुसली, हळद लावली, कुंकू लावलं. देवीचेच पाय म्हणून धुतात ते. काकूंची बोटं तिच्या टाचेवरच्या भेगेवरून फिरली तेव्हा इंदूनं पाय आक्रसून घेतला.

"बसा हो बायांनो, नैवेद्य दाखवते," काकू म्हणाल्या आणि मखराकडे गेल्या. आरतीची घंटा सुरू झाली. सगळ्या उभ्या राहिल्या. इंदूही उभी राहिली, आणि त्या गर्दीतून मागच्या दारानं बाहेर पडली.

पाऊस नव्हता, चिखल होता. हळदीकुंकवाचे पाय त्यात बुडवत ती तळ्याच्या पाळीवरून मीराच्या घरी गेली. मीरा दारात बसून पायांना तेल लावत होती, कामावर निघण्याच्या तयारीत. इंदूला तशी बघून ती घाबरून उठली.

"तुझ्या हातानं नाही फाटलं," इंदू धापा टाकत म्हणाली. "आधीच मेलं होतं ते. मी राखेचं पाणी टाकलं. तू आणलेल्या राखेचं. मले माहीत होतं, तेव्हाच माहीत होतं."

मीरा तेलाचे हात पुढं धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"मोर हाथ ले नइ फाटिस?" तिनं शेवटी विचारलं.

"नाही."

"अतेक दिन ले मैं रेसमी ला छुएच नइ हौं. मोर नोनी के बिहाव के लुगरा ला घलो नइ." पोरीच्या लग्नातल्या लुगड्यालाही तिनं बोट लावलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मागोमाग राग आला. "त मोला काबर बतावत हस? जिहाँ मोर नाँव खराब होइस, तिहाँ जाके कह." मग तिनं चप्पल शोधली. "मोला काम म जाना हे. टेम हो गे."

इंदू परत आली तेव्हा आरती संपून पानं वाढून झाली होती. भात, वरण, पुरणपोळी, कढी, सोळा भाज्या. सवाष्णीचा पाट रिकामा म्हणून सगळ्या थांबल्या होत्या. चिखलानं भरलेले पाय घेऊन ती माजघराच्या उंबऱ्यात उभी राहिली.

"ये गं, बस पटकन," काकू म्हणाल्या. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"लुगडं मी खराब केलं," इंदू म्हणाली. आवाज फुटलाच नाही. पहिल्या दोघींनी ऐकलं असेल, नसेल.

"साखर वाढा गं," काकू मोठ्यानं म्हणाल्या. वाढणारी सून पुढं झाली.

"लुगडं मी खराब केलं!" या वेळी इंदू ओरडलीच. "मी राखेचं पाणी टाकलं रेशमाले. मीरानं नाही फाडलं. काकूंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलली. मीरानं नाही फाडलं."

वाढणाऱ्या सुनेचा हात थांबला. बायांच्या माना एकदा इंदूकडे, एकदा काकूंकडे, एकदा मखराकडे वळल्या. गंधालीनं मान वर केली होती.

"बरं, झालं. सांगतलं न? आता बस पाटावर," काकू दबल्या आवाजात म्हणाल्या. "देवी उपाशी आहे, इंदू."

"मीराले बोलवा. तिले सांगा तुम्ही, सगळ्यांसमोर, की तिचा दोष नव्हता. मग बसते."

"अशानं नैवेद्य मोडतो! सवाष्ण उठली तर काय होते, ठाऊक आहे न तुले?"

"ठाऊक आहे. म्हणूनच नाही बसत."

असं काकूंना आजवर कोणी म्हटलं नव्हतं, आणि त्यातही एका बाटलीबाईनं. त्यांनी ओळीकडे पाहिलं, कोणीतरी बोलेल म्हणून. सगळ्यांनी नजर पानांकडे वळवली. सवाष्ण जेवल्याशिवाय कोणाला घास उचलता येत नव्हता, आणि सवाष्ण उभी होती. शेवटी काकू सुनेकडे न बघता म्हणाल्या, "जा. बोलाव तिले."

सून गेली आणि थोड्या वेळानं एकटीच परत आली.

"वो तो तेलीबांधा निकल गई, आई. शाम को आएगी बोला उसके आदमी ने."

एक बाई हळूच म्हणाली, "मग आता?"

इंदू पाटाजवळ आली. पाटावर बसली नाही. पाटाशेजारी, उघड्या फरशीवर, चिखलाचे पाय पोटाशी घेऊन बसली. लाजेनं तिचे कान जळत होते, आणि ती लाज आता कुठं लपवायला जागा उरली नव्हती.

"येईपर्यंत थांबते मी," ती म्हणाली.

काकू मखराला टेकून खाली बसल्या. बाहेर पुन्हा आभाळ आलं होतं. पानांवरच्या भातातली वाफ निघून गेली, कढीवर साय धरली, आणि ओळीतल्या एकाही बाईनं घास उचलला नाही.